मॅक्स३२३२ मॉड्यूल: दूध संकलन केंद्रावर पावसाळाभर वापरल्यानंतर

वजनकाट्याचा आकडा सरळ ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्डात घ्यायचा होता. काट्यामागे नऊ पिनांचं आरएस-२३२ (तारेवरून डेटा पाठवायची जुनी पद्धत) पोर्ट आहे. दोन्हींचं व्होल्टेज जुळवून देणारं, मॅक्स३२३२ चिपचं हे मॉड्यूल पावसाळ्याआधी मधे बसवलं. आता थंडी पडली तरी सकाळ-संध्याकाळ बिनतक्रार चालू आहे.

काटा काही पाठवत नसताना त्याच्या लाइनवर मल्टिमीटर उणे नऊच्या आसपास व्होल्ट दाखवतो. आरएस-२३२ मध्ये १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. ईएसपी३२ ला मात्र १ म्हणजे ३.३ व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज जास्त, वर सगळं उलटं. 'दोन रेझिस्टर लावा, काम होतं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. उणे व्होल्टेजचं काय करायचं, तेही त्यांनी सांगावं! ही चिप मात्र छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने ३.३ मधूनच अधिक-उणे साडेपाचच्या आसपास व्होल्ट तयार करते.

घेताना चिपवरचा नंबर वाचा. दुकानात मॅक्स२३२ पुढे करतात, 'एकच आहे हो' म्हणतात. ती ५ व्होल्टची. तिचा आउटपुट ईएसपी३२ च्या पिनला झेपणारा नाही. ३२३२ ला ३ ते ५.५ व्होल्ट चालतात, तरी इथे ३.३ च द्या, कारण ईएसपी३२ कडचा आउटपुट पुरवठ्याएवढाच येतो.

टीएक्स-आरएक्सच्या (पाठवणं-घेणं) छापील खुणांवर विसंबू नका, प्रत्येक बनावटीत अर्थ वेगळा. काट्याच्या पोर्टवर मल्टिमीटरची काळी प्रोब पिन ५ ला धरून २ आणि ३ तपासा. जिथे उणे व्होल्टेज दिसेल, ती काट्याची पाठवणारी पिन.

चिपबद्दल तक्रार नाही, बोर्डाबद्दल आहे. स्क्रूसाठी भोकं नाहीत, त्यामुळे केबलचा सगळा ताण कनेक्टरच्या सोल्डरच्या डागांवर येतो. दमट हवेत पिनांवर हिरवट थर धरला; आता प्लास्टिकच्या डबीत बंद करून केबल बाहेर क्लिपने बांधली आहे. आयसोलेशनही (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणं) नाही. बल्क कूलरचा (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) कॉम्प्रेसर सुरू होताना एखादी ओळ कचरा यायची. काटा आणि ईएसपी३२ एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्यावर ते जवळजवळ थांबलं. उरलेल्या वेड्यावाकड्या ओळी प्रोग्रॅममध्येच गाळतो.

माझी केबल जेमतेम दोन मीटर आहे. काटा पंधरा मीटरहून लांब असेल तर हे घेऊच नका, लांबच्या तारेसाठी असलेल्या आरएस-४८५ कडे वळा.