डायलिसिसच्या खुर्चीत मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र

आईचे डायलिसिस सुरू होऊन चौदा महिने झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, डाव्या हातात सुया टोचलेल्या असताना तो हात न हलवता बसायचे, ही शिस्त तिच्या अंगवळणी पडली. पण तिचे लग्नातले, बारीक अक्षरांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तोवर तिला वाचेनासे झाले होते. म्हणून एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मोठ्या अक्षरांची, चेन असलेल्या वेष्टणाची संपूर्ण प्रत घेतली. दुकानात उभे राहून दोन्ही हातांनी पाने चाळताना हे पुस्तक निर्दोष वाटते. एकच हात मोकळा असलेल्या माणसाला ते कसे वाटते, हे वर्षभराच्या वापरानंतर येथे सांगत आहे.

अक्षर उत्तम आहे. डायलिसिसच्या खोलीतल्या पांढऱ्या, काहीशा थंड उजेडातही सत्तरीच्या डोळ्यांना ते चष्म्याने सहज वाचता येते, ओळींत पुरेशी मोकळीक आहे, आणि अध्यायांचे आकडे ठळक असल्याने शोधाशोध होत नाही. कागद मात्र या प्रकारच्या ग्रंथांना लागतो तसा अतिशय पातळ असल्याने मागच्या पानाची शाई पुढे डोकावते आणि उजव्या हाताच्या एका बोटाने पान उलटू गेले की तीन पाने एकदम उलटतात. खरी अडचण वजनाची आहे. घरातल्या काट्यावर ही प्रत वेष्टणासह सव्वा किलोच्या पुढे भरली, आणि सव्वा किलो एका हाताने छातीवर तोलून धरणे निरोगी माणसालाही दहा मिनिटांपलीकडे जमत नाही. आम्ही पोटावर उशी आणि उशीवर पोथी ठेवण्याची घडीची लाकडी चौकट असा तोडगा काढला आहे. नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) व स्तोत्रसंहिता (बायबलातल्या स्तोत्रांचे पुस्तक) एवढेच असलेली सुटी प्रत हलकी असते, पण मला मिळाली तिचे अक्षर पुन्हा बारीकच होते. मोठ्या अक्षरांत केवळ स्तोत्रसंहितेची पातळ पुस्तिका कोणी काढली तर रुग्णालयांत तिला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

वेष्टणाची चेन चौथ्या महिन्यात अडकू लागली, तेव्हा वेष्टणच काढून टाकले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता भाषेविषयी, कारण आजारी माणसाला धीर द्यायचा म्हणून हा ग्रंथ विकत घेणाऱ्यांना अक्षराइतकेच त्याचेही महत्त्व असते. या प्रतीत बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये वाचले जाते ते प्रचलित भाषांतर आहे. त्यातले ‘अरिष्ट’, ‘क्लेश’, ‘तारण’ हे शब्द आजच्या बोलण्यात क्वचित येतात, आणि अधिक सोप्या मराठीतली नवी भाषांतरे उपलब्ध असताना हे जुनाट वळण कशाला, असे मलाही वाटत असे. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या ‘खंबीर हो, हिंमत धर, घाबरू नको, कचरू नको’ या ओळीवर आई एकदा थांबली आणि मला म्हणाली, “अगं, घाबरणं वेगळं आणि कचरणं वेगळं. घाबरते मी दर वेळी, सुई दिसली की. कचरले असते तर रिक्षातून उतरलेच नसते.” त्या दिवसापासून मी सोप्या भाषांतराचा आग्रह सोडला. आज्ञेतला पहिला भाग आपल्याला जमत नाही, दुसरा जमतो, हे तिला त्या दोन शब्दांमधल्या फटीत सापडले होते, आणि दोन्हींच्या जागी एकच सोपा शब्द आला असता तर ती फट राहिली नसती.

‘धीर धरा’ या शब्दांचेही तसेच. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, आणि प्रत्येकाच्या तोंडी ते निरोप घेण्यापूर्वीचे वाक्य असते. योहानाच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायाच्या शेवटी येशू तेच शब्द उच्चारतो, पण त्यांच्या आधी ‘जगात तुम्हांला क्लेश होतील’ असे सरळ बजावतो, आणि हे बोलणे त्याच्या स्वतःच्या अटकेच्या रात्रीचे आहे.

सोप्या मराठीची बाजू लंगडी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्या बाजूला पंडिता रमाबाई आहेत. दुष्काळाच्या काळात आईवडील गमावलेली, 1882 साली पती गेल्यावर लहान मुलीसह उरलेली ही विदुषी पुढे ख्रिस्ती झाली, केडगावच्या मुक्तिसदनात तिने दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकून अनेक वर्षे भाषांतर केले. उतारवयात ऐकू येणे कमी झाले होते, 1921 साली मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, आणि त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडले. त्याच्या छपाईचे खिळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळवले होते. रमाबाईंचे भाषांतर मोठ्या अक्षरांत हाती आले असते तर मी दोन्ही प्रती उशाशी ठेवल्या असत्या.

प्रतीच्या शेवटी प्रसंगानुरूप वाचनाची एक छोटी सूची आहे. भीती वाटत असता 23, 27, 46 आणि 91 ही स्तोत्रे वाचावीत, असे ती सांगते. निवड चांगली आहे, पण अपुरी आहे. 88वे स्तोत्र तिच्यात नाही. त्या स्तोत्रात आजाराने खचलेला माणूस रात्रंदिवस देवाला हाक मारतो, जवळची माणसे दुरावली म्हणून रडतो, आणि शेवटी उजेड येत नाही, अंधारच राहतो. रक्तदाब एकदम उतरून पायांत गोळे आले की आई सूचीतली स्तोत्रे बाजूला ठेवते आणि हे मागते, आणि त्या दिवशी मला ते मोठ्याने वाचावे लागते. “हे लिहिणाऱ्याला माहीत होतं,” एवढेच ती म्हणते. सूचीत प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले तेरावे वचन आहे, सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो अशा अर्थाचे, जे दिनदर्शिकांवरही हमखास छापलेले असते. पौल ते बंदिवासातून लिहीत होता आणि त्याच्या आधीच्याच वचनात भूक व टंचाई सहन करायला आपण शिकल्याचे सांगतो, म्हणून सूचीकाराने बारावे वचनही जोडायला हवे होते. दिवसाचे पाणी मोजून पिणाऱ्या माणसाला ते बारावे वचन अधिक जवळचे वाटते.

कॅथलिक वाचकांनी घेण्यापूर्वी पाहून घ्यावे: या प्रतीत 66 पुस्तके आहेत, त्यांच्या बायबलमध्ये 73 असतात. ज्यांना घरी टेबलावर ठेवून वाचायचे आहे, त्यांनी ही प्रत निःशंक घ्यावी. रुग्णालयात न्यायची असल्यास सोबत आधाराची चौकट आणि पाने उलटायला एक माणूस लागेल, हे धरून चालावे.

खुणेसाठी रेशमी फीत एकच दिली आहे, ती आईच्या चालू वाचनात असते. 88व्या स्तोत्रासाठी तिने सुया काढल्यावर हाताला लावतात त्या चिकटपट्टीचा तुकडा वापरला होता. पातळ कागदावरून तो काढताना दोन ओळींची अक्षरे त्याच्याबरोबर निघून आली. आता तेथे डायलिसिसच्या बिलाची घडी आहे, आणि त्या दोन ओळी तिला पाठ आहेत.