रकाने दोनच दिसत होते

फोनवरच्या माणसाने माझं पूर्ण नाव घेतलं, पत्ता घडाघडा वाचून दाखवला आणि पार्सल अडकलंय म्हणून ओटीपी मागितला. पत्त्यात इमारत आत्ताची होती, मजला मात्र जुन्या घराचा. ही चुकीची जोडी फक्त माझ्या ब्राउझरमध्ये साठवलेली आहे. ऑर्डर देताना मी ती दर वेळी हाताने दुरुस्त करतो. ओटीपी अर्थातच दिला नाही. पण पत्ता याच्याकडे पोचला कसा?

आठवून पाहिलं, तर त्या आठवड्यात नवा फॉर्म एकच भरला होता. सवलतीच्या कूपनसाठी नाव आणि ईमेल, बस्स. नावाचं पहिलं अक्षर टाइप केल्यावर ब्राउझरने सुचवलं, मी त्यावर क्लिक केलं आणि दोन्ही रकाने भरले. तेच पान पुन्हा उघडून राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट', म्हणजे पानामागचा कोड, पाहिला. फोन, पत्ता, शहर, पोस्टाचा कोड असे आणखी रकाने होतेच, फक्त स्क्रीनच्या डाव्या कडेबाहेर ढकललेले. ब्राउझरने इमानेइतबारे तेही भरले होते. आणि 'सबमिट' दाबेपर्यंत थांबायचीही गरज नसते. रकान्यात अक्षरं पडली की पानावरची स्क्रिप्ट, म्हणजे पानात दडलेला छोटा प्रोग्राम, ती वाचू शकते.

चीड याची येते की ही पळवाट नवी नाही. जानेवारी 2017 मध्ये विल्यामी कुओस्मानेन या फिनलंडच्या वेब डेव्हलपरने अगदी असाच फॉर्म बनवून ती जाहीर दाखवली होती. क्रोम, सफारी, ऑपेरा तेव्हा त्यात सापडले. फायरफॉक्स वाचला, कारण एका क्लिकमध्ये सगळा फॉर्म भरायची सोय त्यात तेव्हा नव्हतीच!

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'ऑटोफिल', म्हणजे रकाने आपोआप भरायची ही सोय, शोधा. पत्ते साठवणं आणि भरणं बंद करा, आधीचे साठलेले पुसून टाका. नुसतं इन्कॉग्निटो, म्हणजे खाजगी विंडो, उघडून भागत नाही. क्रोममध्ये साठवलेला पत्ता तिथेही सुचवला जातो. कार्डाचं ऑटोफिलही मी बंद केलंय.

पासवर्डचं मात्र चालू ठेवलंय. पासवर्ड साठवून भरणारा पासवर्ड मॅनेजर साइटचा डोमेन (वेबपत्त्यातलं मुख्य नाव) जुळल्याशिवाय आपणहून काही भरत नाही. त्यामुळे बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर तो गप्प बसला, तर टाइप करायच्या आधी वरचा अॅड्रेस बार नीट वाचा.