अमेरिकेतला भाचा की इथलं बाळ? दत्तक घेण्याआधी

"बहीण तिचं मूल द्यायला तयार आहे. मूल अमेरिकेत जन्मलंय, पण घरचंच आहे ना?" गोरेगावच्या एका जोडप्याने मला हे विचारलं. ‘कारा’कडे, म्हणजे दत्तक प्रक्रिया सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नाव नोंदवायचं, हाही विचार त्यांच्या मनात होता. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत, फक्त त्या सुरू वेगवेगळ्या देशांत होतात.

इथलं मूल घ्यायचं तर सगळं देशातच होतं. ऑनलाइन नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन होम स्टडी, म्हणजे घराची आणि पालकांची पाहणी, करते. लग्नाला २ वर्षं झालेली हवीत. बाळ २ वर्षांखालचं हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या आत हवी. ८ वर्षांवरच्या मुलासाठी ती ११०पर्यंत चालते. बाल न्याय कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेला. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. प्रतीक्षा मात्र लांब आहे, काही वर्षांची. ती सोसायची तयारी दोघांचीही हवी.

परदेशी नागरिक असलेल्या मुलाचं गणित उलटं आहे. दत्तकाची प्रक्रिया आधी त्या देशात, तिथल्या कायद्याप्रमाणे पूर्ण करावी लागते. तो देश हेग कराराचा, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य असेल (भारतात हा करार २००३पासून लागू आहे), तर कराराच्या कलम ५ किंवा १७खालची मंजुरी ‘कारा’ देते; त्यासाठी तुमची होम स्टडी, मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी लागते. पुढे भारतीय वकिलातीकडून व्हिसा आणि गृह मंत्रालयाची परवानगी. नागरिकत्वाचा अर्ज तर वेगळाच.

अनेक घरांत वाटतं, दत्तकविधान करू, दत्तकपत्र नोंदवू, झालं. त्या कागदाने मुलाचा पासपोर्ट बदलत नाही.

जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण आलं. नात्यातलं, अमेरिकेत जन्मलेलं मूल काही महिन्यांचं असताना इथे आणलं होतं. न्यायालय म्हणालं, अमेरिकन नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय पालकांना नाही. आपला बाल न्याय कायदा इथे लागू होत नाही, दत्तक आधी अमेरिकेत व्हायला हवं. निकाल आला तोवर त्या मुलाची कितीतरी वर्षं याच घरात गेली होती. मला त्या निकालातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून त्या दोघांना मी स्पष्ट सांगितलं: मनात ठरावीक मूल नसेल, तर दुसरा विचार न करता इथेच नोंदणी करा. भाचाच हवा असेल, तर त्याचं तिकीट काढू नका. बहिणीने आधी तिच्या राज्यातल्या दत्तकविषयक वकिलाला भेटावं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही ‘कारा’ला लेखी कळवावं.