पहिलीचं दप्तर, आठ महिन्यांनंतर: कापड शाबूत, रनर गेला

मंगळवारी सकाळी जिन्यात दप्तर फुटलं. दप्तर पाठीवरच होतं, चेनही वरून लावलेली दिसत होती. लेक एकेक पायरी उतरत होती आणि मागून आधी एक वही, मग चित्रकलेची फाईल, मग कंपासपेटी घरंगळत गेली. तळमजल्यावर सर्वांत आधी कंपासपेटी पोचली. शार्पनर अजून सापडलेला नाही.

म्हणून हा दुसरा अभिप्राय. पहिला मी महिनाभरातच लिहून मोकळी झाले होते, चार तारे देऊन. कापड दणकट, शिलाई दुहेरी, तळाला जाड पट्टी, खांद्याचे बंद मऊ. यातलं एक अक्षरही मागे घेत नाही, कापडाला आजही साधं खरचटलेलं नाही. फक्त चेनबद्दल तेव्हा मी काही लिहिलंच नव्हतं. घेताना चेनकडे बघतं कोण? आपण कापड चिमटीत धरून बघतो, कप्पे मोजतो, आणि पोरीला चित्र आवडलं की पैसे देतो.

चेन जाते म्हणजे नेमकं काय जातं, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं. दात जात नाहीत. दप्तराच्या चेनीचे दात बहुतेक वेळा सुटे नसतातच, एकाच धाग्यासारख्या प्लास्टिकचं ते सलग वेटोळं असतं आणि ते पट्टीवर शिवलेलं असतं. जातो तो रनर, म्हणजे चेनीवर पुढेमागे सरकणारा तुकडा. वरचा आणि खालचा असे त्याचे दोन पत्रे, त्यांच्यामधून दोन्हीकडचे दात एकमेकांत दाबले जातात. रोज भरलेलं दप्तर ओढून-ओढून बंद केलं की हे पत्रे केसभर फाकतात. मग रनर चेनीवरून मजेत पुढे जातो आणि दात मागे उघडेच राहतात. गिडियन सुंडबॅकने १९१३ साली आजच्यासारखी चेन बनवली, त्याला शंभरावर वर्षं झाली. एवढ्या काळात निदान लहान मुलांच्या दप्तराला तरी बरा रनर लावायला हरकत नव्हती.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बिलाचा फोटो मागितला. बिल काढलं तर कागद कोरा, कारण ते उष्णतेने छापलेलं बिल होतं, आठ महिन्यांत छपाई उडाली. (बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढून ठेवा.) मग ऑनलाइन ऑर्डरची नोंद शोधून पाठवली, तुटक्या चेनीचा व्हिडिओ पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, की वॉरंटी शिलाई आणि कापडाला आहे, चेन हा ‘झीज होणारा भाग’ आहे. मी म्हटलं, अहो, दप्तरात चेनीशिवाय हलणारा भाग आहेच कोणता? त्यावर पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, मुलीने जोरात ओढली असेल.” सहा वर्षांची मुलगी दप्तराची चेन जोरात ओढणार नाही तर काय करणार? शेवटी ‘सदिच्छा’ म्हणून पुढच्या खरेदीवर सवलतीचा कोड आला. त्याची मुदत आठ दिवस.

राग बाजूला ठेवून बाकीच्या सामानाबद्दल सांगते, कारण शाळा सुरू होण्याआधी आम्ही सगळंच एकदम घेतलं होतं आणि निम्म्या गोष्टींबद्दलचं मत आता बदललंय.

सर्वांत मोठी चूक मापाची, आणि ती माझ्या काटकसरीची. ‘थोडं मोठं घेऊ, तिसरीपर्यंत चालेल’ असं म्हणून एक माप वरचं घेतलं. दप्तर कमरेखाली फार तर चार इंच जावं असं म्हणतात, हिचं मांड्यांवर आपटायचं. बंद आवळून-आवळून वर घेतलं तर वरचं टोक डोक्याला लागायचं. मग एका रविवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. मुलाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के एवढंच ओझं असावं असं सांगतात. लेक १९ किलोची, म्हणजे १ किलो ९०० ग्रॅम. रिकामं दप्तर ६२० ग्रॅम. स्टीलची दुहेरी भिंतीची बाटली रिकामी ३१० ग्रॅम, त्यात ४०० मिलि पाणी म्हणजे ४०० ग्रॅम. भरलेला डबा २८०. एक पुस्तक न घालताच १ किलो ६१०! उरलेल्या २९० ग्रॅममध्ये सगळी पहिली बसवायची. आता बाटली अर्धीच भरते, शाळेत पाणी आहे, ती तिथे भरून घेते. नुसतं एवढं केल्यावर दोनशे ग्रॅम कमी झाले.

बाटलीबद्दल महिनाभरानंतर मी लिहिलं होतं, ‘एक थेंब गळत नाही’. ते खरं होतं, पण कारण मला माहीत नव्हतं. झाकणातली सिलिकॉनची रिंग नवी होती. पाचव्या महिन्यात वह्यांच्या कडा ओल्या यायला लागल्या. रिंग काढली तर खाली काळी बुरशीची रेघ, आणि स्ट्रॉच्या वाकणातही तीच. तोवर मी ती बाटली रोज घासत होते, फक्त झाकण सोडवून नाही. आता आठवड्यातून दोनदा सगळे भाग सुटे करते. रिंग परत बसवताना उलटी बसली की पुन्हा गळतं, हेही अनुभवाचंच. पुढच्या वेळी स्ट्रॉची बाटली घेणार नाही. रुंद तोंडाची, हात आत जाईल अशी.

डबा दिसायला सुरेख होता, चारही बाजूंना घट्ट क्लिपा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जसाच्या तसा परत आला. विचारलं तर “भूक नव्हती.” तिसऱ्या दिवशी मी तिला जमिनीवर बसवलं, डबा पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “उघड बघू.” तिने एक क्लिप उचकटली, दुसरी उचकटेपर्यंत पहिली दाबली जाऊन परत बसली. मग तिने डबा पोटाशी धरला, अंगठा खाली घालून जोर लावला, नखाखाली पांढरं झालं. डबा उघडला नाही. “मग बाईंना का नाही सांगितलंस?” “बाईंच्या समोर खूप जण उभे असतात ना.” बस्स. त्याच संध्याकाळी एकाच क्लिपचा जुना डबा माळ्यावरून काढला. तो आजतागायत रिकामा परत येतोय.

सामान घ्यायच्या आधी नाही जमलं, तर निदान शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तरी ही परीक्षा घ्या. डबा, बाटली, दप्तराची चेन, रेनकोटची बटणं, बूट, सगळं तिला किंवा त्याला एकट्याने उघडून-लावून दाखवू दे, आणि आपण हात मागे बांधून बसायचं. आपला हात आपोआप पुढे जातो, म्हणून सांगते.

बूट वेल्क्रोचे घेतले, कारण त्या वयात नाडी बांधणं सगळ्यांना जमतंच असं नाही. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तीन-चार महिन्यांनी चिकटेनात, तर फेकू नका. खरखरीत बाजूच्या आकड्यांत केस आणि धागे अडकलेले असतात, सुईने कोरून काढले की पुन्हा चिकटतात. नावाचे छापील स्टिकर मात्र पैसे वाया. तिसऱ्या आठवड्यात बाटलीवरून सोलले गेले. न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेलं नाव टिकलं, तेही दप्तराच्या आतल्या बाजूला लिहिलं. बाहेर ठळक नाव असेल तर रस्त्यावरचा कुणीही अनोळखी माणूस पोरीला नावाने हाक मारू शकतो.

आता परत रनरकडे, मंगळवारच्या आधीपासून.

मुख्य कप्प्याला समोरासमोर दोन रनर आहेत, हे माझं नशीब. बिघडलेला रनर त्याच्या टोकाला सरकवून ठेवला आणि दुसऱ्या एकट्यानेच चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायला लागले. झकास चाललं. इथे मी अभिप्राय अर्धवट लिहून ठेवला होता आणि तीन तारे द्यायचं ठरवलं होतं. सतरा दिवसांनी दुसराही गेला.

मग पक्कड घेऊन बसले. रनरच्या मागच्या टोकाला, जिथून लावलेली चेन बाहेर पडते तिथे, दोन्ही कडा हलकेच दाबायच्या. एक बाजू, मग दुसरी, मध्ये चालवून बघायचं. हा धातू ठिसूळ असतो, जास्त जोर लावला की कडकन तुटतो. पहिला रनर मी तसाच तोडला. दुसरा जमला. चेन अशी लागली की मी नवऱ्याला हाक मारून दाखवली. तीन आठवडे टिकलं, आणि मग तो मंगळवारचा जिना.

या तीन आठवड्यांत एक गोष्ट कळली ती अशी, की रनरच्या पाठीवर बारीक आकडा कोरलेला असतो. ३, ५, ८, १०. लावलेले दात साधारण किती मिलिमीटर रुंद आहेत, त्याचा तो अंदाज. माझ्या ऑफिसच्या जुन्या बॅगेचा रनर काढून लावायला गेले तर तो ८ निघाला, बसेना. दप्तराचा आकडा पाहिला: ५. पुढच्या छोट्या, रुमालाच्या कप्प्याचा पाहिला: तोही ५. म्हणजे ज्या चेनीवर अख्खी पहिली टांगलेली आहे तिला रुमालाच्या कप्प्याचीच चेन लावली आहे! कापडावर एवढा खर्च केलात, आणि हे?

रुमालाच्या कप्प्याचा रनर जवळजवळ नवा होता. त्या कप्प्याचं टोक उसवलं, रनर काढला, मुख्य चेनीचं टोक उसवून दोन्ही पट्ट्या त्यात ओवल्या (इथे दोनदा वाकडं बसलं, दात पुढेमागे झाले), आणि जाड दोऱ्याने टोक परत शिवलं. वरून मेणबत्ती घासली. एकच रनर आहे, पण चालतोय. चेन लावताना एका हाताने दोन्ही कडा जवळ धरायच्या, हेही लेकीला शिकवलं. त्याने रनरवर ताण कमी येतो.

लेकीला हा सौदा पसंत पडला नाही. पुढच्या कप्प्यात तिचे खडे आणि एक पीस होतं. तिथे आता टिचबटण लावलंय आणि पीस बाहेर डोकावतं. तारे दोन, दोन्ही कापडाला.

काल शाळेतून आली ती बूट काढायच्या आधीच सांगत होती, की तिने बाकावरच्या सगळ्यांचे रनर उलटे करून पाहिले. तिघांचे ५ आहेत आणि एकाचा ८.