पीएसयूटिल: प्रोसेसच्या चुका नावानिशी सांगणारी लायब्ररी

पायथनमधून चालू प्रोसेसवर, म्हणजे संगणकावर चालत असलेल्या प्रोग्रामवर, नजर ठेवायची असेल, तर मी पीएसयूटिलच वापरतो. लिनक्स, विंडोज आणि मॅकओएसवर एकच कोड चालतो, ही सोय मोठी असली, तरी मला ही लायब्ररी आवडते ती तिच्या एक्सेप्शनमुळे, म्हणजे काही बिघडले की ती नावानिशी कळवते त्या चुकांमुळे.

प्रोसेसची यादी हाती येते त्याच क्षणी ती शिळी होऊ लागते. पुढच्या ओळीत एखादीची मेमरी विचारावी, तोवर ती संपलेली असते आणि नोसचप्रोसेस ('अशी प्रोसेस नाही') ही चूक येते. हा आपल्या कोडचा दोष नसल्यामुळे ती पकडून पुढे जाणे रास्त ठरते. ॲक्सेसडिनाइडचे, म्हणजे परवानगी नाकारल्याच्या चुकीचे, तसे नाही. लिनक्सवर दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची कमांडलाइन सहसा वाचता येते, पण तिच्या एक्झिक्युटेबल फाइलचा पत्ता विचारला की नकार मिळू शकतो. म्हणून लगेच सुडोकडे (प्रशासकाच्या अधिकाराकडे) धावण्यापूर्वी आपल्याला त्या माहितीची खरोखर गरज आहे का, हे पाहावे.

माझी तक्रार आहे ती झोंबीप्रोसेसबद्दल, म्हणजे संपलेली पण यादीतून न गेलेली प्रोसेस भेटली की येणाऱ्या चुकीबद्दल. हा क्लास नोसचप्रोसेसपासूनच काढलेला असल्याने, चुका पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये नोसचप्रोसेस आधी लिहिले की झोंबीही त्यातच गडप होते. माझी रात्रीची स्क्रिप्ट कित्येक दिवस 'प्रोसेस संपली' अशी नोंद करत राहिली, आणि प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस कमांड मात्र त्याच पीआयडीपुढे (प्रोसेसच्या क्रमांकापुढे) 'डिफंक्ट', म्हणजे झोंबी, दाखवत होती. मी दोनदा किल, म्हणजे सक्तीने बंद करण्याचा आदेश, पाठवून पाहिले. मेलेल्याला आणखी काय मारणार! मूळ प्रोग्रामने मुलाचा, म्हणजे त्यानेच सुरू केलेल्या प्रोसेसचा, निकाल वेट करून घेतलाच नव्हता, आणि तो प्रोग्रामही माझाच होता. झोंबीचा एक्सेप्ट वर नेला, वेट घातले, तेव्हा कुठे यादी साफ झाली.

पीआयडी पुन्हा वापरला जाण्याचा धोका मात्र लायब्ररीने चांगला सांभाळला आहे. प्रोसेस ऑब्जेक्ट पीआयडीसोबत सुरू झाल्याची वेळही लक्षात ठेवतो, त्यामुळे जुना आकडा नव्या प्रोसेसला मिळाला असेल, तर किल भलत्याच प्रोसेसवर न जाता नोसचप्रोसेस येते. नुसते नाव विचारताना ही पडताळणी होत नाही; तिथे आधी इज-रनिंग (तीच प्रोसेस अजून चालू आहे का) विचारावे लागते.

एरवी टर्मिनेट ही बंद होण्याची विनंती असते; विंडोजवर मात्र टर्मिनेट आणि किल एकच आहेत, तेव्हा टर्मिनेटनंतर प्रोसेस आपल्या फाइली नीट बंद करील, या भरवशावर तिथे राहू नये.