जीसीएन: झोपमोड सार्थकी लावणारी सेवा

गेली चार वर्षं माझ्या फोनला जीसीएनसाठी वेगळा आवाज लावून ठेवलाय. तो वाजला की मी फार विचार न करता उठते. नासाचं हे जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्क कोणालाही फुकट मिळतं. आकाशात कुठे गॅमा-किरण स्फोट झाला की उपग्रहाने काढलेली त्याची जागा ते लगोलग जगभर कळवतं. मी अवरक्त कॅमेऱ्याने त्या स्फोटामागची झळाळी, म्हणजे आफ्टरग्लो, टिपते. ती झरझर विझते. दहाव्या मिनिटाला जेवढा प्रकाश असतो, त्याचा सहावा हिस्साही पुष्कळदा तासाभरानंतर उरत नाही.

सुरुवातीला मी सगळ्याच सूचना चालू ठेवल्या होत्या, ते चुकलंच. फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या गॅमा-किरण शोधकाने दिलेली जागा कित्येक अंश पसरलेली असते आणि माझ्या कॅमेऱ्यात आठ आर्कमिनिटांचं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकाश मावतं. स्विफ्ट उपग्रहावरचा बॅट हा शोधक मात्र काही आर्कमिनिटांत जागा पकडतो, मग स्विफ्टचीच क्ष-किरण दुर्बीण ती काही आर्कसेकंदांवर (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) आणते. लहान कॅमेरा असेल तर पहिल्या दिवसापासून स्विफ्टच्याच सूचना घ्या.

गेल्या हिवाळ्यात रात्री २:१० ला आवाज आला. अवरक्तात आकाश स्वतःच उजळलेलं असतं आणि ते उजळणं मिनिटागणिक बदलतं, म्हणून दर वीस सेकंदांनी दुर्बीण जराशी सरकवत फोटो घेतले आणि त्यांतूनच आकाशाचा उजेड काढून वजा केला. नऊ फोटो जुळवल्यावर के-बँडमध्ये, म्हणजे सुमारे २.२ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात, एक ठिपका दिसला. टू-मास या अवरक्त आकाश-सर्वेक्षणाच्या कॅटलॉगमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. हात थरथरत होते, खरंच.

पाऊण तासात जीसीएनवर दुसऱ्या गटाचं सर्क्युलर, म्हणजे निरीक्षणाचं छोटं टिपण, आलं: दृश्य प्रकाशात काही दिसत नाही. मग एकतर वाटेत धूळ, नाहीतर प्रचंड अंतर. २००९ सालचा जीआरबी ०९०४२३ हा गॅमा-किरण स्फोट असाच फक्त अवरक्तात सापडला होता. त्याची रेडशिफ्ट (विश्व प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) ८.२, त्यामुळे सुमारे १.१ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा सगळा प्रकाश वाटेतल्या हायड्रोजनने गिळलेला. तिथे प्रकाश एकदम तुटतो. माझा ठिपका केपासून एच, जे, वाय या कमी कमी तरंगलांबीच्या पट्ट्यांपर्यंत पायरीपायरीने फिकट होत गेला, म्हणजे बहुधा धूळच. ते सर्क्युलर वेळेवर आलं नसतं तर हा ठिपका इतका तांबडा आहे हे मला सकाळपर्यंत कळलं नसतं. या सेवेचं मोल मला तिथे कळतं.

काफ्का या नव्या संदेशवहन पद्धतीने पायथॉन भाषेच्या चार-पाच ओळींत सूचना थेट प्रोग्राममध्ये येतात, आणि ते जुन्या ईमेलपेक्षा खूपच सोयीचं आहे. सर्क्युलर लिहिणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती: तेजस्वितेचा आकडा (मॅग्निट्यूड) एबी पद्धतीचा की वेगा, ते लिहा; दोन्ही मोजपट्ट्यांचा शून्य वेगळा असतो. के-बँडमध्ये दोन्हींत १.८ मॅग्निट्यूडहून जास्त फरक पडतो, आणि पहाटे चार वाजता तो अंदाजाने भरून काढता येत नाही.