विकरयुक्त पावडर की साधी पावडर: ग्वाल्हेरच्या हवेत कोणती परवडते?

धुण्याच्या पावडरीच्या महागड्या पाकिटावर ‘एन्झाइम’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो आणि त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजावेत की नाही, असा प्रश्न महिन्याचे सामान भरताना पडतो. कपडे अर्धा-पाऊण तास भिजवून ठेवण्याची ज्या घरात सवड आहे आणि ज्यांच्या धुण्यात मुलांचे, स्वयंपाकघरातले किंवा घामाने माखलेले कपडे बरेच असतात, त्यांनी ते मोजावेत. बादलीत बुडवून दहा मिनिटांत पिळून टाकणाऱ्यांना त्या पैशांचा मोबदला क्वचितच मिळतो, असे माझे मत आहे.

साध्या पावडरीतील फेसाळ द्रव्य मळ सैल करून पाण्यात उतरवते, तिच्यातील सोडा त्याला हातभार लावतो आणि उरलेले काम ब्रश किंवा धोपाटणे करते. विकरांची, म्हणजेच एन्झाइमांची, रीत निराळी आहे. ती स्वतः प्रथिने असून मळाचे मोठे रेणू तोडून लहान करतात: प्रोटीएज रक्त, दूध, अंडे आणि घामातील प्रथिने तोडते, अमायलेज पिष्ट तोडते आणि लायपेज तेलातुपाचे विघटन करते. ही कल्पना जुनी आहे. ऑटो रोहम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले होते, पण ती विकरे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात नीट टिकत नसत. आजची प्रोटीएजे बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून मिळतात आणि ९ ते १० सामूच्या (पीएचच्या) अल्कधर्मी पाण्यातही उत्तम चालतात. म्हणूनच भिजवणाच्या बादलीत लिंबू किंवा व्हिनेगर घालण्याचा घरगुती उपाय येथे उलटा पडतो, कारण आम्लामुळे सामू खाली येतो आणि विकर मंदावते.

ग्वाल्हेरकरांनी खरा विचार करायचा तो तापमानाचा. जानेवारीत किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि सकाळी नळाचे पाणी हाताला झोंबते. तापमान दहा अंशांनी घटले की विकराचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, तेव्हा अशा पाण्यात महागडी पावडर बरीचशी नुसती पडून राहते. अर्थात थंडीने विकर मरत नाही, फक्त रेंगाळते. गिझरचे थोडे पाणी मिसळून बादली कोमट केली, म्हणजे ३५-४० अंशांवर आणली, की ते पुन्हा कामाला लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआपच तापलेले मिळते, म्हणून उन्हाळ्यात ही पावडर वेगळ्या खटपटीवाचून चांगले काम देते. मात्र साधारण ६० अंशांच्या पुढे बहुतेक विकरांची घडण झपाट्याने मोडते आणि पाणी निवल्यावर ती परत येत नाही. चादरी, पंचे उकळत्या पाण्यात घालण्याची ज्या घरांत पद्धत आहे, तेथे साधी पावडर आणि धुण्याचा सोडा हीच जोडी योग्य, कारण त्यांना उकळीचे भय नाही.

फरक जवळून पाहायचा असेल, तर पांढऱ्या सदऱ्यावर सांडलेल्या वरणभाताचा डाग घ्यावा. त्यात भाताचे पिष्ट, डाळीचे प्रथिन, वरून घेतलेले तूप आणि हळद अशा चार गोष्टी आहेत. साध्या पावडरीने घासल्यावर तूप बरेचसे जाते, पण पिष्टाचा चिकट थर धाग्यात राहतो आणि पुढच्या धुण्यात मळ तिथेच धरतो. विकरयुक्त पावडरीच्या कोमट पाण्यात हाच सदरा भिजवल्यास पहिल्या तिन्ही गोष्टी सुटतात. हळद मात्र कोणत्याच पावडरीला दाद देत नाही, उलट अल्कधर्मी पाण्यात ती लालसर होते. तिचा रंगकण या तिन्ही विकरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. कडक उन्हात वाळवल्यावर तो आपोआप फिकट होतो आणि उन्हाची येथे ददात नाही. चहाचा डाग आणि गंज यांच्यासाठीही विकरावर पैसे घालू नयेत. रक्ताचा डाग मात्र आधी गार पाण्यातच खळबळावा, कारण गरम पाण्याने प्रथिन धाग्यावर गोठून बसते.

दोन्ही पावडरी घरात ठेवणाऱ्यांनी ब्लीचचा वापर साध्या पावडरीबरोबरच करावा, कारण क्लोरीनने विकर निकामी होते. रात्रीचे भिजवणाचे पाणी सकाळी दुसऱ्या कपड्यांना वापरण्याची काटकसरही फळत नाही, कारण प्रोटीएज स्वतःला आणि शेजारच्या विकरांनाही हळूहळू तोडत असते. पावडर दुप्पट घातल्यानेही डाग दुप्पट वेगाने निघत नाही. तोडण्याजोगा मळ मर्यादित असतो.

रेशीम आणि लोकर यांच्या बाबतीत निवडीला जागाच नाही. दोन्ही धागे प्रथिनांचे असल्याने प्रोटीएज डागाबरोबर धागाही कुरतडते. चंदेरी साडीत उभा धागा बहुधा रेशमाचा असतो, त्यामुळे ती सुती समजून विकरयुक्त पावडरीत भिजवली तर रेशमाची चमक जाते आणि पोत कमजोर होतो. साध्या पावडरीचा सोडाही रेशमाला सोसत नाही. अशी साडी आणि थंडीतले स्वेटर, शाली यांच्यासाठी रिठ्याचे गार पाणी किंवा विकर नसलेले सौम्य द्रव वापरावे.